थांबलं की सूर्य होतो

विज्ञान केंद्राच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. दारावर पाटी नव्हती, पण आत पाऊल टाकलं की लाकडाच्या भुशाचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास यायचा, तेवढ्यावरून कळायचं की ही कार्यशाळा. केंद्रात मुलं ज्याचा दांडा फिरवत, ज्याचं बटण दाबत, ज्याच्यात डोकं घालून बघत, ते सगळं याच खोलीत तयार झालेलं होतं. ते तयार करणाऱ्या माणसाला केंद्रातले सगळे मामा म्हणत.

खरं तर ते एकीचेच मामा होते. खगोल विभागाची नवी अधिकारी ही त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ती सवयीने सगळ्यांदेखत "मामा" अशी हाक मारून बसली, आणि बघता बघता हिशेबनिसापासून तिकीटखिडकीवरच्या बाईंपर्यंत सगळ्यांनी ती हाक उचलली.

"एका फटक्यात एवढे भाचे झाले मला," मामा म्हणायचे, "आणि एकालाही खाऊ द्यावा लागत नाही. असा फायदा कुणाला झालाय?"

त्या वर्षी केंद्रात एक नवं दालन उभं राहत होतं. हे विश्व आणि त्यातली आपली सूर्यमाला कशी झाली असावी, हे त्यात दाखवायचं होतं. पहिल्या भिंतीवर विश्वाची सुरुवात होती. आज दिसतं ते सगळं एके काळी अतिशय दाट आणि अतिशय तापलेलं होतं आणि तेव्हापासून अवकाश ताणलं जात आहे, असं शास्त्रज्ञ मानतात. मामांनी त्यासाठी एक रबरी कडं केलं होतं. त्याच्यावर पांढरे ठिपके. दांडा फिरवला की कडं चहूबाजूंनी ताणलं जायचं आणि कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवलं तरी बाकीचे ठिपके त्याच्यापासून लांब जाताना दिसायचे. मधला ठिपका कोणता, हे शोधायला गेलेलं मूल हमखास हरायचं.

दुसरी भिंत सोडून दिलेल्या कल्पनांची होती. त्यातली एक अशी, की फार पूर्वी दुसरा एखादा तारा आपल्या सूर्याच्या अगदी जवळून गेला, त्याच्या ओढीने सूर्यातून एक लांब जीभ बाहेर आली आणि तिचे तुकडे होऊन ग्रह झाले. ही कल्पना आता कुणी मानत नाही. पण मामांनी ती जीभ नारिंगी काचेत ओढून अशी काही केली होती की रंगारीसुद्धा ब्रश खाली ठेवून बघत उभा राहिला.

"चुकलेल्या गोष्टी इतक्या देखण्या करायच्या नसतात, मामा," भाची म्हणाली होती.

"मग बरोबर असलेली आणखी देखणी करतो. थांब जरा."

बरोबर असलेली गोष्ट दालनाच्या मधोमध यायची होती. तिथे एक गोल जागा मोकळी ठेवली होती. आज मानलं जातं ते असं: अवकाशात वायू आणि धुळीचा एक अवाढव्य, थंड ढग होता आणि तो सावकाश फिरत होता. आपल्याच वजनाच्या ओढीने तो आत आत आकसत गेला. आकसताना त्याचं फिरणं वाढत गेलं, आणि त्या फिरण्यामुळेच सगळा ढग मध्ये न कोसळता त्याची चपटी चकती झाली. चकतीच्या मध्यभागी दाटी होऊन जो गोळा तापला, तो सूर्य. उरलेल्या चकतीत धुळीला धूळ चिकटत खडे झाले, खड्यांचे दगड, दगडांचे डोंगर, आणि शेवटी ग्रह.

या गोल जागेवर मामांची कार्यशाळा टांगलेली होती. संचालकबाईंनी ते मामांना आपल्या खोलीत बोलावून सरळ सांगितलं होतं. त्या आडपडदा ठेवणाऱ्या बाई नव्हत्या.

"मामा, मधल्या जागेसाठी मोठ्या पडद्याची चौकशी झालेली आहे. तो वक्राकार असतो, मुलं आत उभी राहतात. पण मला तुमचं मॉडेल हवंय. ते चाचणीत पास झालं तर कार्यशाळा राहील, हे मी वर सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. नाही झालं, तर पडदा येईल. आणि पडद्याच्या यंत्रांना खोली लागते."

"कुठली खोली?" मामांनी उगाचच विचारलं.

"आपल्याकडे मागे एकच खोली आहे."

चाचणी म्हणजे त्या केंद्राची जुनी रीत. नवं मॉडेल आधी शाळेतल्या एका वर्गाला दाखवायचं. समजावून काहीही सांगायचं नाही, बाजूला पाटीही लावायची नाही. मुलांनी बघायचं, हात लावायचा, आणि नंतर काय पाहिलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. मुलांना कंटाळा आला तर मॉडेल परत कार्यशाळेत. या रीतीत मामांची अर्धी हयात गेली होती आणि त्यांची कितीतरी मॉडेलं परतही आली होती. एकदा तर ज्वालामुखी परत आला होता, कारण मुलं त्याला कारंजं म्हणाली.

मधल्या जागेसाठी मामांनी टाकी केली. माणसाच्या कमरेइतकी उंच, जेवणाच्या मोठ्या टेबलाएवढी रुंद, उथळ आणि गोल, पारदर्शक प्लास्टिकची. खाली बेअरिंगवर बसवलेली तबकडी आणि मोटर. टाकीत पाणी, आणि पाण्यात राखाडी प्लास्टिकचे बारीक कण, पाण्यापेक्षा जरासेच जड. बटण दाबलं की टाकी फिरायला लागायची, तिच्याबरोबर पाणी आणि पाण्याबरोबर कण, सगळीकडे पसरलेले, धुरकट. मग मोटर बंद व्हायची. टाकी थांबायची, पाणी मात्र आत फिरत राहायचं. आणि तेव्हा ते कण हळूहळू, वळसे घेत, लांब शेपट्या ओढत मध्याकडे सरकायला लागायचे. बघता बघता मध्यभागी त्यांचा ढीग जमायचा आणि ढिगाखालचा पिवळा दिवा उजळायचा.

भाचीने ती आधी कागदावर पाहिली. ढग, त्याचं फिरणं, मध्ये गोळा होणं: तिन्ही गोष्टी आराखड्यात होत्या. तिने सही केली. गणित तिचं पक्कं होतं, पण पाण्याबद्दल मामांना जास्त कळतं असं ती धरून चालली. मामांचं पाणी पक्कं होतं, पण आकाशाचं भाचीने तपासलंय असं ते धरून चालले. घरातल्या घरात काम करणाऱ्यांचं असं होतं. दुसऱ्याने दार लावलंच असेल, या भरवशावर दोघंही झोपतात.

चाचणीला पाचवीचा एक वर्ग आला. वर्गशिक्षक दाराशी उभे राहिले, संचालकबाई खांबाजवळ. मामा भिंतीला टेकून, दोन्ही हात पाठीमागे. हात पुढे असले की ते आपोआप काहीतरी दुरुस्त करायला जात.

"मी दाबणार!"

"तू मघाशी दांडा फिरवलास ना? आता माझी पाळी."

"अरे, ढकलू नका रे, पाणी आहे."

टाकी फिरली. मुलं कडेला हनुवट्या टेकवून बघत राहिली. टाकी थांबली. कण सरकायला लागले तसा आवाज कमी कमी होत गेला, आणि दिवा उजळला तेव्हा एकदम गलका झाला. मुलांनी ते पुन्हा केलं, आणि पुन्हा केलं, आणि वर्गशिक्षकांनी हाक मारल्यावर "सर, एकदाच" म्हणून आणखी एकदा केलं.

मग भाचीने रीतीप्रमाणे त्यांना खाली बसवलं आणि विचारलं, "काय पाहिलंत?"

"धूळ फिरत होती."

"मग?"

"मग थांबली."

"आणि मग सूर्य झाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

चष्मा लावलेली एक मुलगी पुढे सरकून बसली होती. तिने हात वर केला आणि बोलायची परवानगी मिळायची वाट न बघता बोलायला लागली. "फिरत होतं तोवर काहीच होत नव्हतं. थांबलं की सूर्य होतो. मी चारदा बघितलं."

"थांबलं की?" भाचीने विचारलं.

"हो. म्हणजे जे फिरत राहतं, त्याचा सूर्य होत नाही. पृथ्वी फिरतेय ना अजून? म्हणून ती सूर्य झाली नाही."

"आणि पृथ्वी थांबली तर?" शेजारच्या मुलाने डोळे मोठे केले.

"तर ती पण सूर्य होईल. आणि आपण जळून जाऊ."

सगळा वर्ग आनंदाने किंचाळला. वर्गशिक्षक हसले. संचालकबाई इतक्या मनापासून हसल्या की त्यांना रुमाल काढावा लागला. मुलं रांगेने बाहेर पडत असताना त्या मामांपाशी आल्या आणि म्हणाल्या, "पास. मी आजच वर कळवते. उद्या सकाळी चहाला या माझ्याकडे."

भाची मात्र टाकीपाशीच उभी होती. तिने एकदा बटण दाबलं. टाकी फिरली, थांबली, दिवा लागला. तिने पुन्हा दाबलं.

ती कार्यशाळेत गेली तेव्हा मामा फोनवर मामीशी बोलत होते. "पास म्हणजे काय, पोरं हलायला तयार नव्हती! ... नाही गं, आता कुठली निवृत्ती. आता कुठे खोली वाचली. ... बरं, येताना आणतो." फोन ठेवून ते भाचीकडे वळले. "मामी म्हणते, आज जेवायला ये. अशी का उभी आहेस? बस."

"मामा, ते कण इतक्या लवकर मध्ये कसे येतात?"

मामांचा चेहरा उजळला. या प्रश्नाची ते कधीपासून वाट बघत होते. "अगं, पहिल्यांदा येतच नव्हते. आले तरी रेंगाळत यायचे. पोरं कंटाळली असती. मग एक युक्ती केली. टाकीचा तळ आतून खरवडला. जाड सँडपेपर मारला सगळीकडे. कुणाला दिसत नाही ते. पण तळ खरबरीत झाला आणि काय पळायला लागले माहितीये!"

भाची स्टुलावर बसली. थोडा वेळ तिने टेबलावरच्या पकडीचं तोंड नुसतं उघडलं आणि मिटलं.

"आकाशाला तळ नसतो, मामा."

"म्हणजे?"

"ढगाला मध्ये ओढतं ते त्याचं स्वतःचं वजन. तुझ्या टाकीत तसं काही नाहीये. तळाशी पाणी घासतं, म्हणून तिथलं फिरणं मंदावतं. वरचं पाणी अजून जोरात फिरत असतं, त्याचा दाब कडेला जास्त पडतो. तळाच्या मंदावलेल्या पाण्याला कडेला टिकता येत नाही, ते आत सरकतं आणि कणांना घेऊन जातं. तळ जितका खरबरीत, तितकं लवकर. चहा ढवळून चमचा काढला की चहाची पूड मध्ये येते ना, तेच."

मामांनी टेबलावरचा आपला चहाचा पेला जवळ ओढला. तळाशी पूड होती. त्यांनी त्यात थोडं पाणी घातलं, स्क्रूड्रायव्हरने ढवळलं आणि बघत राहिले. पूड मध्ये आली. त्यांनी पुन्हा ढवळलं. त्यांच्या हातांना ही गोष्ट कधीचीच माहीत होती. ती डोक्यापर्यंत यायला तेवढा वेळ लागला.

"पण गोळा होतंय ना मध्ये?" ते म्हणाले. "शेवटी दिसतंय तेच ना?"

"दिसतंय तेच. पण उलट्या कारणाने. खऱ्या ढगात आकसताना फिरणं वाढतं. आपल्या टाकीत फिरणं संपतं तेव्हा गोळा होतं. ऐकलंस ना ती मुलगी काय म्हणाली? थांबलं की सूर्य होतो. ती चुकली नाही, मामा. तिने जे पाहिलं तेच सांगितलं."

"बाजूला पाटी लावू. 'हे केवळ उदाहरण आहे.'"

"पाटी कोण वाचतं? तूच म्हणतोस, पाटी ही बनवणाऱ्याची पळवाट असते."

"माझंच वाक्य मला ऐकवू नकोस." मामा उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "आराखड्यावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"तेव्हा दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

"तू अगदी तुझ्या आईवर गेलीयस. ती पण अशीच. ताटं उचलून झाली की सांगणार, भाजीत मीठ कमी होतं."

भाचीला हसू आलं नाही. मामांनाही आलं नाही. बाहेर रंगारी शिडी सरकवत होते.

"दुसरीकडे ठेवता येईल," भाची थोड्या वेळाने म्हणाली. "सोडून दिलेल्या कल्पनांच्या भिंतीपाशी. काचेच्या जिभेशेजारी."

"नको." मामांनी हे इतक्या चटकन म्हटलं की तिने वर बघितलं. "त्या लोकांनी आकाशाबद्दल चूक केली. आयुष्यभर विचार करून, गणितं मांडून केली. मी पाण्यातली एक करामत केली आणि पोरांना म्हटलं, हे बघा आकाश. त्यांच्या पंगतीत मला बसवू नकोस."

"मग काय करायचं?"

"तू सांग ना. अधिकारी तू आहेस."

"मी सांगितलं तर ही खोली जाईल."

"ते मला समजतं. तेवढं गणित येतं मला."

भाची जेवायला आली नाही. मामीने दोन वेळा विचारलं तेव्हा मामा म्हणाले, तिला काम आहे. मग बराच वेळ त्यांनी पाण्याच्या तांब्यात बोट घालून पाणी फिरवलं, तेव्हा मामी म्हणाली, "प्यायचंय की खेळायचंय?"

सकाळी संचालकबाईंच्या खोलीत तीन कप मांडलेले होते. भाचीने बोलायला तोंड उघडलं, पण मामांनी हाताने थांबवलं आणि स्वतःच सगळं सांगितलं. तळ खरवडल्याचंही सांगितलं. संचालकबाईंनी ऐकून घेतलं. त्यांना शास्त्र भराभर कळत नसे, पण माणूस काय सांगायला आलाय ते लगेच कळत असे.

"मुलांना आवडलं होतं," त्या म्हणाल्या.

"फारच आवडलं. म्हणून तर ते त्यांच्या डोक्यातून जाणार नाही."

"सही माझी होती, मॅडम," भाची म्हणाली. "मी नीट पाहिलं असतं तर—"

"सही तुमची, टाकी यांची, आणि शब्द मी दिलेला. तिघांनी वाटून घेऊ." संचालकबाईंनी कप पुढे सरकवला. "मामा, उद्घाटनाची तारीख हलणार नाही. तोवर दुसरं काही उभं राहील?"

"हो" म्हणायला मामांना काही लागलं नसतं. त्या "हो"वर कार्यशाळा आणखी काही आठवडे तरी चालली असती. ते कपाच्या कानाला धरून थोडा वेळ बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे बेअरिंगं, तबकड्या, वजनं येऊन गेली असणार. आकसत जाणारं, आकसताना वेग घेणारं, आणि तरीही मुलांनी रोज हाताळलं तरी न मोडणारं काहीतरी.

"नाही," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू. नाही जमणार."

"मग पडदा येईल."

"येऊ दे."

"तुम्हाला देखभाल विभागात टेबल देईन. खिडकीजवळचं."

"बरं." मामांनी चहा संपवला. उठताना म्हणाले, "त्या पाचवीच्या वर्गाची शाळा कुठली? मला एकदा जायचंय तिकडे. टाकीतलं पाणी मी ओतून देईन, पण पोरांच्या डोक्यात भरलंय ते तसंच राहील."

कार्यशाळा रिकामी व्हायला फार दिवस लागले नाहीत. लेथ एका तंत्रशाळेने नेली. लाकूडसामान देखभाल विभागात गेलं. मोठी टाकी कुणालाच नको होती, तेव्हा ती तिकीटखिडकीशेजारी ठेवली गेली आणि लोक तिच्यात छत्र्या टाकू लागले. पडद्याची यंत्रं आली, त्यांना थंड हवा लागते म्हणून खिडक्या बुजवल्या. आता त्या खोलीला कसलाच वास येत नाही.

शाळेत मामा आणि भाची पिशवीत दोन काचेची भांडी, चहाची पूड आणि पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या घेऊन गेले. आणखी एक गोष्ट लागणार होती, ती मामांनी मुख्याध्यापकांच्या खोलीतून मागून आणली: त्यांची फिरती खुर्ची. मुख्याध्यापक "लवकर आणा हं" म्हणाले आणि साध्या खुर्चीवर बसून सह्या करू लागले.

मुलांनी त्यांना ओळखलं. "सूर्यवाले आले!"

मामांनी आधी भांडी मांडली. एकाचा तळ गुळगुळीत, एकाचा खरवडलेला. दोन्हींत पाणी आणि पूड. दोन मुलांना सारखंच ढवळायला लावलं. खरवडलेल्या भांड्यात पूड आधी मध्ये आली. "आता सांगा," मामा म्हणाले, "दोन्हीकडे पाणी तेच, पूड तीच. मग फरक कशाने पडला?"

"तळाने," चारपाच जण म्हणाले.

"आणि आकाशात तळ कुठे असतो?"

वर्ग विचारात पडला. एका मुलाने वर छताकडे बघितलं. चष्मेवालीच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे तुम्ही आम्हाला खोटं दाखवलंत?"

"चुकीचं दाखवलं," मामा म्हणाले. "मला वाटलं होतं बरोबर आहे. मग हिने मला समजावलं."

"आणि कळल्यावर तेच दाखवत राहिला असतात तर?"

"तर ते खोटं झालं असतं."

हे तिला पटलेलं दिसलं. मामांनी तिलाच खुर्चीत बसवलं, दोन्ही हातांत एकेक बाटली दिली आणि हात लांब पसरायला सांगितले. मग खुर्चीला सावकाश फिरवून सोडून दिलं. "तू म्हणजे तो ढग. आता आकस बघू. बाटल्या छातीशी घे."

तिने हात आत घेतले आणि खुर्ची गर्रकन फिरली. ती किंचाळली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. वर्ग बाकांवर उभा राहिला.

"काही थांबलं का?" भाचीने विचारलं.

"नाही! वाढलं!"

"कुणी ढकललं?"

"कुणीच नाही! तिने फक्त हात आत घेतले!"

"ढगाचं हेच झालं. आत आला, वेग वाढला. वेग वाढला म्हणून सगळाच मध्ये कोसळला नाही, चकती होऊन राहिला. म्हणून आपल्याला ग्रह मिळाले."

मग प्रत्येकाला खुर्चीत बसायचं होतं. ओळ लागली, ओळीत भांडणं झाली, वर्गशिक्षक स्वतःही एकदा बसले आणि उतरल्यावर फळ्याला धरून उभे राहिले. चष्मेवाली मात्र आपल्या बाकावर बसून बोटाने हवेत गोल काढत होती. गलका थोडा ओसरला तशी ती म्हणाली, "मग सूर्य तर सगळ्यात जोरात फिरत असेल. सगळ्यात आत तोच आहे."

मामांनी भाचीकडे बघितलं. हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"खुर्चीच्या हिशेबाने बघितलं तर तसंच व्हायला हवं," भाची म्हणाली. "काही तासांत एक गिरकी पूर्ण व्हायला हवी."

"आणि खरी किती वेळात होते?"

"साधारण चार आठवडे लागतात."

"चार आठवडे?" मुलगी उभीच राहिली. "पृथ्वी एका दिवसात फिरते! मग खुर्ची पण चुकीची आहे?"

मुलं मामांकडे अशा नजरेने बघायला लागली, की हा माणूस दुसऱ्यांदा सापडला.

"माझ्याकडे बघू नका," मामा हात वर करून म्हणाले. "खुर्ची मुख्याध्यापकांची आहे." मग ते भाचीकडे वळले. "आता बोल."

भाची टेबलाच्या कडेवर बसली. "खुर्ची बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि तुझा प्रश्नही बरोबर आहे. याच प्रश्नाने मोठमोठ्या शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं छळलं. ढगाची कल्पना खरी असेल तर सूर्य इतका सावकाश का? काहींनी तर एवढ्या एका कारणासाठी ती कल्पनाच सोडून दिली होती. पुढे दुसरे पुरावे मिळाले, आणि ती परत आली. म्हणजे सूर्य लहानपणी जोरात फिरत असणार, आणि नंतर कशाने तरी त्याला ब्रेक लागला."

"कुणी लावला?"

"सूर्यातून सतत अतिशय विरळ असा वारा बाहेर वाहत असतो. आणि सूर्याभोवती चुंबकाची ओढ असते, ती त्या वाऱ्याला धरून ठेवते. वारा लांब जाताना सूर्याचं फिरणं थोडं थोडं घेऊन जातो, असं आज वाटतं. सुरुवातीला आसपासच्या चकतीनेही काही घेतलं असेल. कुणी किती घेतलं, हे अजून पूर्ण सुटलेलं नाही. माणसं त्यावर आत्ताही काम करताहेत."

"म्हणजे तुम्हाला येत नाही," शेजारचा मुलगा म्हणाला.

"पूर्ण येत नाही."

वर्गाला हे फार आवडलं. मुलगी मात्र खुर्चीकडे बघत होती. "मी पुन्हा बसू?"

ओळीतून ओरडा झाला, "तिची झाली पाळी!" पण मामांनी खुर्ची तिच्यापुढे सरकवली. या वेळी तिने बाटल्या आधीच छातीशी धरल्या. "जोरात फिरवा," ती म्हणाली. मामांनी फिरवलं. दोनतीन गिरक्या ती तशीच बसली, डोळे मिटून. मग तिने हात सावकाश बाहेर काढायला सुरुवात केली. खुर्ची मंदावली. तिने ते आणखी पसरले. खुर्ची आणखी मंदावली, आणि शेवटी जवळजवळ रेंगाळायला लागली.

"असं," ती म्हणाली. "आतलं बाहेर लांब धरून द्यायचं. मग आतलं हळू होतं."

मामांनी विचारलं, "हो, पण सूर्याला हात कुठे आहेत?"

"तेच तर बघायचंय," मुलगी म्हणाली. "तुम्ही फिरवा ना."

दारात शिपाई येऊन उभा राहिला होता. मुख्याध्यापकांनी खुर्ची मागितली होती. वर्गशिक्षकांनी त्याला हातानेच थांबायची खूण केली, आणि मामांनी बाह्या वर सारून खुर्चीच्या पाठीला हात लावला.